गिलासदान

हे मी कोणाले सांगितलं नाही. बायको गेली, तिलेही नाही. तुमाले काहून सांगून राहिलो, ते इचारू नका. कोर्टाची मराठी मले येते, जन्म तिच्यातच गेला. पण त्या मराठीत हे सांगायले बसलो की कर्ताच सापडत नाही. सांडले, भिजले, नष्ट झाले — अरे, पण कोणी? म्हणून घरच्या बोलीत सांगतो.

मी अमरावतीले एका मोठ्या वकिलाचा मुनशी होतो. भाऊसाहेब म्हणत त्याइले. आपला वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या दिवसांतली गोष्ट. भाऊसाहेबांजवळ एक लाल विलायती मोटार होती. शर्यतीची, बुटकी, दोनच सीटा, वर कापडाचं छप्पर. कोण्या गोऱ्या इंजिनिअरनं देश सोडताना इकली होती. अकोल्याच्या तारखा ते त्याच गाडीनं करत, अन् वाटेनं त्याइले लिंबाचं सरबत लागे. चांदीच्या गिलासात. घोट घ्यायचा, गिअर बदलायचा, पुन्हा घोट. त्या गाडीत गिलास ठेवायले बोटभर जागा नव्हती.

मंग गिलास कोण धरे? मी. चार वर्षं धरला. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव — मांडीवर दप्तर, हातात गिलास, अन् नजर गिलासाच्या काठावर. थेंब सांडला की, "मुनशी, लक्ष कुठे आहे?" एक दिवस अकोल्याच्या बाररूममधी कोणीतरी इचारलं, हे कोण? भाऊसाहेब म्हणाले, "हे? हे आमचं गिलासदान." पानदान असते, पिकदान असते, तसं गिलासदान. काय हसले सारे! त्या दिवसापासून चपराशीही म्हणू लागले, "या गिलासदान, सांडलं तर नाही न?" मीही हसलो — आपल्याच अपमानाले दात काढून हसलो. ते हसणं मले फार दिवस टोचत राहिलं.

मंग मी डोकं लढवलं. फुटक्या गॅसबत्तीचं पितळी कडं घेतलं. चांदी खडखडू नये म्हणून आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, बुडाले तारेचा टेका दिला, अन् ते सारं भाऊसाहेबांच्या डाव्या गुडघ्यापाशी, समोरच्या लाकडी फळीखाली दोन नटांनी कसलं. काठोकाठ भरलेला गिलास बडनेऱ्याले जाऊन आला, थेंब सांडला नाही. वाटलं, सुटलो बापा! हात मोकळा झाला, आता माणसासारखा बसून जाईन.

भाऊसाहेब खूश झाले. पाठीवर थाप मारली अन् म्हणाले, "वा मुनशी! मग आता तुझं गाडीत काय काम? पॅसेंजरनं येत जा."

बोला! माझ्या सीटवर दप्तर बसलं, अन् मी थर्ड क्लासमधी उभा. अंगाची नुसती लाही लाही झाली. रुसलो — कामावर रुसलो. कागदांच्या नकला उतरवायच्या राहू दिल्या.

अन् इथंच गोदाबाई येते. तेल्हाऱ्याची पक्षकार. ती आधीची विधवा, या नवऱ्यानं तिच्याशी पाट लावला होता. तो वारल्यावर दीर म्हणू लागले, ही बायको नव्हे, ठेवलेली होती, घर खाली कर. पाट लागला तेव्हाचे बुढे मरून गेलेले. तिच्याजवळ पुरावा एकच — नवऱ्यानं नागपूरच्या दवाखान्यातून धाडलेलं पत्र. 'माझी पत्नी सौ. गोदा हिस अनेक आशीर्वाद.' निळ्या शाईत, त्याच्या हातचं. तिले वाचता येत नव्हतं. दर तारखेले म्हणे, "मुनशीजी, तेवढं एकडाव वाचा न." अन् 'माझी पत्नी' आलं की पदर तोंडाले लावे. पत्र वाचून वाचून मले पाठ झालं होतं. नक्कल करायची होती, तीच केली नाही.

पत्र दाखल करायच्या दिवशी सकाळी दप्तर मीच बांधलं. पत्र वरच, फडक्याले लागून ठेवलं, लवकर सापडावं म्हणून. दप्तर सीटवर ठेवलं. मंग वाकलो, अन् उजवीकडचा नट तीन आटे ढिला केला. हिशेब साधा होता. काटेपूर्णा नदीच्या उतारापर्यंत नट निघते, तिथल्या गचक्यात गिलास पांढऱ्या पँटवर पडते, बदलायले ना वेळ ना कपडे. जाऊ दे लेकाले तसंच जज्जापुढं!

झालंही तसंच. मी पॅसेंजरनं आधीच पोचून कोर्टाच्या फाटकाशी उभा होतो. भाऊसाहेब उतरले तर पँट मांडीले चिकटलेली, वर माशा घोंगावून राहिल्या. चपराशी म्हणाला, "काहून साहेब, गिलासदान घरी राहिलं वाटते?" अन् सारे हसले. खरं सांगतो, इतका आनंद मले माझ्या लग्नातही झाला नव्हता. खोटं काहून बोलू? आठवलं की आजही होते.

मंग दप्तर उचललं. ओलं जड लागलं.

त्या गाडीची सीट खोलगट. पँटवरून जे ओघळलं ते सारं बाजूच्या माझ्या सीटमधी साचलं अन् दप्तराच्या फडक्यानं पिऊन घेतलं. मले माहीत नव्हतं का सीट खोलगट आहे? चार वर्षं बसलो होतो तिच्यात. लिंबानं शाई जाते, हे माहीत नव्हतं का? कुडत्यावरचे डाग घरी तसेच काढत होतो. पत्रावर फिकट निळं पाणी होतं, अक्षर एकही नाही.

गोदाबाई जवळ आली. "मुनशीजी, वाचा न." मी तो कागद दोन्ही हातांनी धरला अन् वाचला. पाठ होतं न! पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं. तिनं पदर तोंडाले लावला, अन् निश्चिंत मनानं आत गेली.

आत भाऊसाहेब म्हणाले, प्रवासात कागद खराब झाला. गोदाबाई मधीच बोलली, "खराब कसा? आत्ताच मुनशीजीनं वाचला. इचारा त्याइले!" जज्जसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काही वाचता येतं का यावर?"

ज्यानं कागद वाचला त्याची साक्ष चालते, हे मले माहीत होतं. मी म्हणू शकलो असतो — साहेब, यात असं असं होतं, मी वीसदा वाचलं, शपथ द्या मले. पण मंग त्यांनी इचारलं असतं, भिजलं कसं? अन् तो नट निघाला असता.

मी म्हटलं, "नाही हुजूर."

बाहेर आल्यावर तिनं कागद घडी करून पदराच्या गाठीत बांधला. रागावली नाही. फक्त इचारलं, "मंग मघाशी काय वाचलं तुमी?"

मी लाल गाडीकडे पाहत राहिलो. घर दिराइले मिळालं. तेल्हाऱ्यात तिले मरेपर्यंत ठेवलेलीच म्हणत. नट मी ढिला केला होता. पत्र मले अजून पाठ आहे.