पेटीवरचा मराठी पुठ्ठा

परळच्या ज्या प्रयोगशाळेत मी कामाला होते, तिथे ती पेटी आली तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अगदी भरात होती. रोज कुठून तरी मोर्चा निघायचा, ट्राम मध्येच थांबायची आणि गिरगावातून निघालेली मी लालबागपासून पायी चालत कामावर पोचायचे. उशीर झाला की ताठ मानेनं कारण सांगायचे, "मोर्चा होता." साहेब नुसते घड्याळाकडे बघायचे. मोर्चा होता हे खरं होतं, आणि मी त्याच्याबरोबर दोन चौक घोषणा देत चालले होते, हेही त्यांना ठाऊक असावं.

पेटी हे आम्ही ठेवलेलं नाव. मूळ नाव इंग्रजीत होतं आणि ते एका दमात कुणाला म्हणता येत नसे. परदेशातून बोटीनं आलेली, छातीएवढी उंच, वरून झाकण उघडणारी आणि आत शून्याखाली सत्तर अंश थंडी धरणारी अशी ती वस्तू होती. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्या थंडीत ठेवायचं तरी काय?" ठेवायचं होतं रक्त. आमच्या साहेबांनी दोन वर्षं गावोगाव हिंडून एका तापाच्या रोग्यांचं रक्त लहान लहान बाटल्यांत जमवलं होतं. तापाचं मूळ सापडलं तर पुढेमागे लस करता येईल, ही त्यांची आशा. त्यातले कितीतरी रोगी आता जगात नव्हते. त्यांच्याकडे पुन्हा रक्त मागायला जाता येणार नव्हतं. पेटी येईपर्यंत आम्ही त्या बाटल्या कोरड्या बर्फाच्या खोक्यात सांभाळत होतो. रोज नवा बर्फ आणायचा, आणि त्याची वाफ कोंडून कुणाचा जीव गुदमरू नये म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या. तरी रोज धाकधूक असायचीच.

पेटी बसवायला कंपनीचा इंजिनियर आला होता. गळ्यात टाय, हातात इंग्रजी पुस्तिका. हमालांनी पेटी उभीच्या उभी आणली, कारण आडवी केली तर यंत्रातलं तेल नको तिथे जातं. आणल्यावरही चोवीस तास तशीच ठेवायची, लगेच चालू करायची नाही. भिंतीपासून वीतभर लांब, मागच्या जाळीतून गरम वारा बाहेर पडला पाहिजे म्हणून. तिच्यासाठी वेगळी तार, वेगळं बटण, दुसरं कुठलंही यंत्र त्या तारेवर नाही. जमीन सपाट आहे की नाही हे बघायला इंजिनियर आपलं साधन शोधत बसला होता. तेवढ्यात आमच्या शिपायानं काठोकाठ पाण्यानं भरलेली वाटी झाकणावर ठेवली आणि म्हणाला, "दर्याच्या बाजूचा पाय खाली हाय." इंजिनियरला साधन सापडलं तेव्हा त्यानंही तेच सांगितलं.

या शिपायाला सगळे मामा म्हणायचे. वरळी कोळीवाड्यातले, पन्नाशी ओलांडलेले. तरुणपणी भावांबरोबर होडीवर जायचे, मग गुडघा दुखावला आणि नोकरीत आले. मला ते 'बाय' म्हणायचे आणि माझ्या रागाला जराही भीत नसत. घरात आणि कामावर माझा राग प्रसिद्ध होता, त्यामुळे हे विशेष.

पेटी दोन दिवस रिकामीच चालवली. काटा सत्तरवर जाऊन ठरला, तेव्हा बाटल्या थोड्या थोड्या करून आत गेल्या. मग प्रश्न आला सूचनांचा. साहेब म्हणाले, पुस्तिकेतलं पान काढून चिकटवा. मी म्हटलं, वाचणार कोण? मामा, झाडूवाली, वायरमन, सगळे मराठी. बाहेर माणसं मराठी राज्यासाठी लाठ्या खातायत आणि आत आपण इंग्रजी पान चिकटवायचं?

"बाई, जोखमीच्या सूचना आहेत," साहेब म्हणाले. "भाषांतरात काही इकडचं तिकडे झालं तर?"

"नाही होणार," मी म्हटलं.

ते 'नाही होणार' आजही माझ्या कानात आहे. मी पुठ्ठा कापला, बोरूनं ठळक अक्षरांत सूचना लिहिल्या. कोरडे कातडी हातमोजे घातल्याशिवाय आत हात घालू नये, ओला हात लोखंडाला चिकटेल. झाकण उघडण्याआधी यादीत बाटलीची जागा पाहून घ्यावी. साचलेलं हिम लाकडी पट्टीनं काढावं, सुरीनं नाही. यंत्र पुसण्याआधी वीज बंद करावी. अशा अकरा सूचना. मामांनी एकेका ओळीवर बोट ठेवत सगळा पुठ्ठा वाचला आणि म्हणाले, "बेस लिवलंय, बाय." मी घरी जाऊन आईला सांगितलं की आज मी चळवळीचं काम केलं. आईनं विचारलं, जेवलीस का?

दसरा आला. गिरणगावात दसऱ्याला यंत्र चालवत नाहीत, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी, खंडेनवमीला संध्याकाळी, यंत्र पुसायचं, हळदकुंकू लावायचं, हार घालायचा आणि त्याला विसावा द्यायचा. गिरण्यांत मागांना, छापखान्यात छपाईच्या यंत्रांना. आमच्याकडेही सूक्ष्मदर्शकांना आणि तराजूंना हे सगळं दरवर्षी व्हायचं. मी त्या संध्याकाळी लवकर घरी गेले होते.

दसऱ्याला सुट्टी, पण पेटीचा काटा रोज बघून वहीत लिहावा लागे आणि त्या दिवशी पाळी माझी होती. सकाळी दहाला मी कुलूप उघडलं. खोलीत शिरले आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. काय ते कळायला थोडा वेळ लागला. आवाज नव्हता. पेटी सतत घुमत असायची, ती गप्प होती. झाकणावर हळदकुंकू, मागच्या जाळीवर झेंडूचा जाडजूड हार, त्याखाली सगळी जाळी झाकणारा नवा कोरा पंचा. बटण बंद. धोक्याची घंटा होती, पण ती त्याच तारेवर जोडलेली, त्यामुळे बटणाबरोबर तीही झोपली होती.

काटा सत्तरवरून शेहेचाळीसवर आला होता. साहेबांनी चाळीसवर तांबडी खूण केली होती. तिच्या पलीकडे गेलं की नमुने फेकून द्यायचे, असं त्यांनी स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं होतं.

मी बटण दाबलं. यंत्र घरघरलं आणि सुरू झालं, पण काटा मागे हटेना. पंचेचाळीस. साहेबांच्या घरी फोन केला, ते बाहेर गेले होते, निरोप ठेवला. कोरड्या बर्फवाल्याकडे कुणी फोन उचलेना, दसराच होता. काटा चव्वेचाळीस.  इतक्यात मामा आले, नव्या सदऱ्यात, हातात आपट्याची पानं.

"पेटी तुम्ही बंद केलीत?"

"हो, बाय. काल पुसली, पूजा केली. तिला पण इसावा नको?"

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाची मी अक्कल काढली. ते दाराशी उभे राहिले, पानं हातात तशीच. मग मी हातमोजे चढवले. निदान वरच्या थरातल्या बाटल्या धड आहेत का ते बघावं, म्हणून झाकणाच्या मुठीला हात घातला. मामा पुढे आले आणि त्यांनी झाकणावर दोन्ही पंजे दाबून धरले.

"उघरू नको, बाय."

"मामा, बाजूला व्हा."

"मना काय बोलायचं त बोल. पण उघरू नको. होरीवर बर्फाची पेटी आम्ही बंदरात आल्याबिगर उघरत नाय. बर्फ हाय का बघाया उघरला, का तो गेलाच."

पुठ्ठ्यावर मीच लिहिलं होतं की झाकण उगाच उघडू नये. मी मूठ सोडली. मामा वाकून पेटीच्या मागे गेले, जाळीजवळ हात धरला आणि चटकन मागे घेतला. "हिचा दम कोंडलाय," ते म्हणाले. पंचा आणि हार दोन्ही त्यांनी ओढून काढले. भिंतीपासून वीतभर जागा मी मोजून ठेवली होती, आणि इतका वेळ समोर दिसणारा हार काढायचं मला सुचलं नव्हतं.

मग आम्ही दोघं स्टुलांवर बसलो आणि काट्याकडे बघत राहिलो. त्रेचाळीस. बेचाळीस. तिथे तो थांबला. किती वेळ थांबला सांगता येणार नाही. मला रडू येत होतं आणि मामांसमोर रडायचं नव्हतं. बाहेर रस्त्यावरून ताशे वाजत गेले. मग मामा म्हणाले, "परतला," आणि मी डोळे पुसून पाहिलं तर काटा त्रेचाळीसवर होता.

साहेब एकच्या सुमारास धावतपळत आले, तेव्हा पेटी पुन्हा शून्याखाली पन्नासवर पोचली होती. त्यांनी काटा पाहिला, वही पाहिली, भिंतीला टेकून उभे राहिले. मग शांतपणे विचारलं, "बंद कुणी केली?"

"मी," मामा म्हणाले.

मी गप्प बसले. पुठ्ठा माझ्या डोळ्यांसमोर होता. यंत्र पुसण्याआधी वीज बंद करावी. एवढंच. पुसून झाल्यावर ताबडतोब पुन्हा चालू करावी, असं कुठेच नव्हतं. पुस्तिकेत ते पुढच्या पानावर होतं आणि मी पान उलटलं नव्हतं. मामांनी माझा शब्द तंतोतंत पाळला होता. वीज पुन्हा कधी लावायची हे मी सांगितलं नाही, म्हणून त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे दसऱ्यानंतर लावायचं ठरवलं. हे सगळं मला तिथेच कळलं आणि तरी मी बोलले नाही. बोलले असते तर साहेब म्हणाले असते, सांगितलं होतं ना, इंग्रजीच राहू द्या. मराठीचा झेंडा मिरवणाऱ्या मला ते ऐकायचं नव्हतं. लाज वाटते, पण खरं हेच आहे.

तिसऱ्या दिवशी टंकलेखकाच्या टेबलावर मी कागद पाहिला. मामांना कामावरून कमी करण्याबद्दल. खाली सही व्हायची होती. मामा त्या वेळी जिन्यात पितळी कठडा पुसत होते, रोजच्यासारखे. मला बघून म्हणाले, "बाय, काटा सत्तरला आला का?" स्वतःच्या नोकरीबद्दल एक अक्षर नाही.

मी खोलीत गेले, पुठ्ठा उपटला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्या ओळीवर बोट ठेवलं. "चूक माझी आहे. मामांनी लिहिलं तेवढं केलं. काढायचं तर मला काढा." हे मी मोठ्यानं बोलले. पेटी मामांनी कशी वाचवली, मी झाकण कसं उघडणार होते, तेही सांगून टाकलं. आवाज चढला होता, नेहमीसारखाच, पण या वेळी राग माझाच माझ्यावर होता.

साहेबांनी पुठ्ठा दोनदा वाचला. मी वाट बघत होते इंग्रजीच्या टोमण्याची.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणाला असता, मराठीत लिहिल्यामुळे झालं."

 साहेबांनी टंकलेखकाकडून तो कागद मागवून घेतला आणि माझ्यासमोर फाडला. "इंग्रजी पान चिकटवलं असतं आणि पुढचं वाचलं नसतं, तरी हेच झालं असतं," ते म्हणाले. "दुसरा पुठ्ठा घ्या. मराठीतच लिहा. पण या वेळी एकट्यानं नाही. मामांना शेजारी बसवा. एकेक ओळ वाचून दाखवा आणि विचारा, हे वाचून तुम्ही काय कराल. ते सांगतील ते तुमच्या मनातलंच असेल, तरच ती ओळ ठेवा."

मामांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "बस, लिव." दोन दुपारी आम्ही तो पुठ्ठा लिहिला. अकराच्या सतरा ओळी झाल्या. जाळीवर काही ठेवू नये, ही मामांची. घंटेला वेगळी बॅटरी बसली, हीसुद्धा त्यांचीच सूचना, कारण "राखणदार धन्याबरोबर निजला त चोर कोण धरील?" शेवटची ओळ आम्ही दोघांनी मिळून ठरवली: या यंत्राला दसऱ्याची सुट्टी नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी त्या बाटल्यांमधल्या रक्तावर केलेलं काम पुरं झालं, आणि साहेबांच्या लेखाची छापील प्रत टेबलावर पडली. तोवर राज्य झालं होतं, मुंबईसकट. ते झालं त्या मे महिन्यात मीही रस्त्यावर नाचले. पण मला विचाराल तर त्या लढ्यात माझ्या हातून झालेलं खरं काम म्हणजे तो दुसरा पुठ्ठा, आणि त्यातही अर्धा वाटा मामांचा.

चुकीनंतरचा पहिलाच दसरा मात्र सांगायला हवा. पाळी माझी होती. दहाला पोचले तर खोली आधीच उघडी. पेटी घुमत होती, काटा सत्तरवर. हार समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला, जाळीपासून लांब. आणि स्टुलावर मामा बसलेले, नव्या सदऱ्यात.

"मामा, आज तुम्हाला सुट्टी आहे ना? घरी सण असेल."

"हिला नाय, मग मना कशी?" ते म्हणाले, आणि आपट्याची पानं त्यांनी माझ्या हातात ठेवली.