भाजीबाजाराच्या मैदानातली भुलाबाई

आमच्या घरी रात्री भाजी होणार की नुसती भाकर-चटणी, हे संध्याकाळच्या फुलांवर ठरायचं. अमरावतीबाहेर थोडी जमीन मक्त्यानं केली होती. बाबा पालक, मेथी, झेंडू, शेवंती पिकवायचे आणि आई राजापेठेजवळच्या भाजीबाजारात महापालिकेच्या ओट्यावर बसून विकायची. भाजी सकाळीच खपते. फुलांना गिऱ्हाईक दिवेलागणीला येतं, लोक कामावरून घरी परततात तेव्हा. नेमकी तीच वेळ आमच्या हातून गेली होती.

ओट्यांसमोर महापालिकेचं मैदान आहे. तिथले दिवे फुटले, मागची भिंत ढासळली आणि अंधार पडला की मोटारसायकलींवर पोट्टे जमायला लागले. दारू, शिव्या, सायलेन्सरचे फटाके, ओट्यांवर बाटल्या फोडणं. एकदा एकजण आईच्या शेवंतीवर तंबाखूचा खर्रा थुंकला. तेव्हापासून सगळ्या बाया ऊन उतरायच्या आत टोपल्या बांधायला लागल्या. उरलेली फुलं सकाळपर्यंत कोमेजायची, आणि आईचं तोंडही.

मी घरातली पहिली पदवीधर. हे मी ताठ मानेनं सांगते. बाजारातल्या बायांनीही ते हक्कानं धरलं. कांदेवाली मावशी म्हणाली, "काय वं, बी.ए. झाली नं तू? मंग जाय सायबाकडे. का भिंतीवर फोटो लावाले झाली?"

गेले. ठाण्यात म्हणाले, तिथं अंधार आहे, आमची गाडी दिसली की पोट्टे पडक्या भिंतीतून पळतात, आधी महापालिकेला सांगा. महापालिकेत म्हणाले, दिवे लावले की फोडतात, आधी पोलिसांना सांगा. गंमत म्हणजे दोघांचंही खरं होतं. एकमेकांशी मात्र ते कधी बोललेच नव्हते. त्यांचे निरोप मीच इकडून तिकडे नेत होते.

तेवढ्यात भुलाबाई बसली. आमच्या वऱ्हाडात कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी मातीच्या भुलाबाईपुढे जमून तिची गाणी म्हणतात. शेवटी खिरापतीचा झाकलेला डबा हलवून आत काय आहे ते पाहुण्यांना ओळखायला लावतात. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही, आणि खिरापत खाल्ल्याशिवाय पाहुण्याला उठता येत नाही. मी ठरवलं, यंदा आपली भुलाबाई मैदानात, आणि पाहुणे दोघं: ठाण्याच्या मॅडम आणि महापालिकेचे साहेब.

आई हसत सुटली. "पोलिसायले भुलाबाईले बोलावून राहिली? बाप्पा! ते का टाळ्या वाजवतीन?"

"वाजवतीन. तू फक्त खिरापत अशी कर का लवकर ओळखूच नाही आली पाहिजे."

ठाणेदार मॅडम वर्दीतच आल्या. महापालिकेचे अभियंता साहेब स्कूटरवर आले आणि इतक्या बाया बघून फाटकातच थबकले. आई म्हणाली, "या सायेब, या. इथं माणसायचं काम नसते, पण तुमी लाइटवाले, तुमाले माफ हाय." आम्ही दोघांना एकाच सतरंजीवर बसवलं. बॅटरीच्या उजेडात पोरींनी गाणी म्हटली. मॅडमनी खरंच टाळ्या वाजवल्या.

मग डबा वाजला.

"शंकरपाळे?" मॅडम म्हणाल्या.

"नाऽऽही!" पोरी ओरडल्या.

"फुटाणे?" साहेब म्हणाले.

"नाऽऽही!"

साहेब विचार करत हातावर रेलले आणि दचकले. सतरंजीच्या कडेला काचेचा तुकडा होता. "हे काय?"

"तुमच्या मैदानाचं पीक हाय, सायेब," आई म्हणाली.

तेवढ्यात मोटारसायकली धडधडत आत आल्या. हेडलाइट मॅडमच्या वर्दीवर पडला आणि सगळे गर्रकन वळून पडक्या भिंतीतून पसार झाले.

"बघितलं साहेब?" मॅडम म्हणाल्या. "माझी गाडी फाटकातून येईस्तोवर हे मागून पार."

"भिंत बांधतो, मॅडम. जाळी बसवलेले दिवेही लावतो. पण माझी माणसं इथं काम करायला तयार होत नाहीत. मागच्या वेळी यांनी शिडीच पळवली."

"काम होईस्तोवर माझे शिपाई उभे राहतील. कधी सुरू करता?"

"तुम्ही म्हणत असाल तर उद्याच."

इतके महिने मी ज्यासाठी हेलपाटे घातले, ते दोघं गुडघ्याला गुडघा लावून बोलत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं मात्र डबा पुन्हा खळखळवला. "बोलणं झालं असंन तं खिरापत ओळखा. पोरी उपाशी हायेत."

उकडलेले शिंगाडे होते. साहेबांनी ओळखले, तेही पोरींनी तळ्याची खूण दिल्यावर.

भिंत झाली, दिवे लागले. मॅडमनी त्या पोट्ट्यांना आईबापांसकट ठाण्यात बोलावलं. त्यातला एक कांदेवाल्या मावशीचाच निघाला. तिनं तिथंच त्याच्या पाठीत असे धपाटे घातले की मॅडमना मध्ये पडावं लागलं. पुढे एक दिवा पुन्हा फुटला. तेव्हा मावशीनं थेट मॅडमना फोन लावला, मॅडमनी साहेबांना, आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

आता संध्याकाळी मैदानात पोलिसांची फेरी असते आणि दिव्यांची देखभाल महापालिका करते. अंधार पडल्यावरही बाया आपापल्या ओट्यांवर बसतात. आई तिथं फुलं विकते, आणि सगळी विकूनच घरी येते.