दुसरा उलटा का करायचा?

बाईंनी गणित घेतलं ते आवडीने नव्हे, खुन्नस म्हणून. शाळेत असताना अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करायचा सोडून त्यांनी पहिलाच उलटा केला होता. सरांनी त्यांना फळ्यापाशी उभं करून नवं नावच ठेवलं, "उलटी!" तेव्हापासून त्या वर्गात शिरल्या की पोरं नाकं धरायची. "पण सर, उलटा का करायचा?" असं धीर करून विचारलं, तर सर म्हणाले, "उलटीला कारण लागतं होय?" वर्ग खो खो हसला.

हे विसरायला बाई काही संत नव्हत्या. त्याच शाळेत त्या शिकवायला आल्या तेव्हा सर मुख्याध्यापक झाले होते, आणि सातवीची एक तुकडी अजून स्वतः शिकवत होते. "माझीच विद्यार्थिनी!" म्हणून बाईंना मिरवायचे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

बाईंच्या तुकडीत मुलं गटागटाने बसत, कागदाच्या पट्ट्या कापत, उत्तर का बरोबर हे एकमेकांना पटवत. गलका व्हायचाच. सर दारात येऊन म्हणाले, "वर्ग आहे की बाजार? चाचणीत तुमची तुकडी मागे पडली, तर ती मी घेणार."

बाई हट्टाला पेटल्या. चाचणीत त्यांच्या मुलांनी सरांच्या तुकडीला धूळ चारली. शाब्दिक उदाहरणांत तर सरांची मुलं सपशेल आपटली. तुकडी वाचली, पण बाईंचं तेवढ्याने भागणार नव्हतं.

पालकसभेत, दोन्ही तुकड्यांसमोर, सरांनी श्रेयही लाटलं. "शेवटी शिकवलं कुणी हिला?"

"तुम्हीच," बाई गोड हसून म्हणाल्या. "म्हणून तुमच्याच तोंडून ऐकूया ना. तीनला अर्ध्याने भागताना अर्धा उलटा का करायचा, सर?"

सरांनी फळ्यावर सहा लिहिले. मग खडू बोटांत फिरवत राहिले. "नियमच आहे तो," ते पुटपुटले. बाई कान टवकारून हसण्याची वाट बघत होत्या. आता फुटेल, आता फुटेल.

कुणीच हसलं नाही. बाईंच्या तुकडीतली एक मुलगी उठली आणि सरांशेजारी जाऊन उभी राहिली. अडलेल्याला हसायचं नाही, त्याच्या शेजारी जायचं, हे बाईंनीच वर्षभर तिच्याकडून घोटून घेतलं होतं. तीन पट्ट्या दुमडत ती म्हणाली, "सर, तीनमध्ये अर्धे किती बसतात, एवढंच विचारलंय. एकात दोन, मग तिनात?"

"सहा," सर म्हणाले. आणि मग, लहान पोरासारखे खुलून, "अरेच्चा! म्हणून दोनाने गुणायचं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांसाठी. बाईंना त्या पोरीच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.