गोड्या पाण्यातले शेजारी

मासे मारणं सोपं आणि जगवणं कठीण, हे वाक्य पूर्ण अधिकारवाणीने बोलू शकेल असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो डोंबिवलीत आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहत होता. आमचे हे शेजारी मूळचे ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. बाप, आजा, पणजा, सगळे होडीवर. हे मात्र शिकले, कचेरीत चिकटले आणि सन ऐंशीनंतर कधीतरी आमच्या इमारतीत राहायला आले. पापलेट घ्यायचं असलं की इमारतीतले मासे खाणारे सगळे बाजारात त्यांनाच पुढे करायचे. ते कल्ला उचलून बघायचे, अंगठ्याने एकदा दाबायचे आणि "चला पुढे" म्हणायचे. मासळीवाली त्यांच्याकडे घरभेद्याकडे बघावं तशी बघायची. असा माणूस एके दिवशी लोखंडी अँगलची काचेची पेटी हमालाच्या डोक्यावर देऊन जिना चढला, तेव्हा जिवंत मासळीचा धंदा काढतायत की काय, असं आम्हाला वाटलं. "पाळणार आहे," ते म्हणाले. मागे उभ्या असलेल्या वहिनींनी कपाळाला हात लावला.

या सगळ्याचं कारण होतं त्यांची आई. वडील गेल्यापासून म्हातारी कोळीवाड्यात एकटी राहत होती. गुडघे गेले, डोक्यावरची मासळीची पाटी सुटली, धक्क्यावर एकदा पाय घसरून पडली, तरी तिथून हलायचं नाव नाही. दोनदा तिला आग्रह करकरून डोंबिवलीला आणली आणि दोन्ही वेळा ती आठवड्याच्या आत परत गेली. "तुज्या घरान बगाला काय हाय रं?" ती म्हणाली. "म्होरं भिंत, मांगं भिंत." यावर शेजाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला की घरात पाणी आणि मासे असले की आई राहील. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. तिला पुन्हा एकटीला तिकडे पडू द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

पेटीत आधी हिरवळ लावायची, मग मासे सोडायचे, असं त्यांना ठाण्याच्या मासेवाल्या दुकानदाराने सांगितलं होतं. पण हिरवळ कशात लावायची, हे त्याला विचारणं म्हणजे कोळीवाड्याची बेअब्रू. त्यांनी मित्राच्या टेम्पोतून गोणीभर खाडीचा गाळ आणला. "ज्या गाळावर आम्ही वाढलो त्यात गवत वाढणार नाही?" ते म्हणाले. आठवडाभर इमारतीला असा वास सुटला की सोसायटीच्या सेक्रेटरींनी नाकाला रुमाल लावून नोटीस चिकटवली. पेटीतल्या गवताची तोवर पेज झाली होती. "साहेब, ही झाडं गोड्या पाण्यातली," दुकानदार म्हणाला. "तुम्ही त्यांचं लोणचं घातलंत."

मग नदीची रेती आली. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर यायचं. त्यातला निम्मा वेळ शेजारी रेती धूत आणि उरलेल्या वेळात वहिनी संसार उरकत. पाणगवताच्या काड्या रेतीत रोवायला त्यांनी पापड भाजायचा चिमटा पळवला, त्यामुळे त्यांच्याकडच्या पापडांना बरेच दिवस शेवाळाचा वास यायचा. नळाच्या पाण्यातल्या औषधावर त्यांचा राग होता. ते पाणी पिंपात ठेवून द्यायचं, रोज ओंजळीत घेऊन चाखायचं आणि आमटीत मीठ कमी पडल्यासारखा चेहरा करून "अजून उतरलं नाही" म्हणायचं, असा त्यांचा क्रम होता. शेवटी पेटी भरली, वर ट्यूबलाइट लागली, गवत डोलायला लागलं, पण मासा एकही नाही. येणारा जाणारा विचारी, "मासे कुठायत?" ते शांतपणे सांगत, "पाणी मुरतंय." हे ऐकून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा चहा अर्धा टाकून घरी पळाले आणि शिडी लावून स्वतःचं छत चाचपून आले.

पाणी मुरल्यावर गप्पी मासे आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतले मासे आणल्या आणल्या सोडायचे नसतात. पिशवी बांधलेली तशीच पाण्यावर तरंगू द्यायची, आतलं आणि बाहेरचं पाणी ओळखीचं झालं की मग गाठ सोडायची. पुढच्या रविवारी ते आईला घेऊन आले. वहिनी सासूचं गाठोडं सोडून लुगडी कपाटात ठेवायला गेल्या, तर यांनी त्यांना दारातच अडवलं. "गाठ सोडू नको," ते कुजबुजले. "तरंगू दे."

म्हातारी पेटीसमोर बसली. "यो मोटा कवा होनार?"

"मोठा नाही होत, आये. एवढाच असतो."

"मंग खावाचा कवा?"

"खायचा नाही."

तिने गंमत बघायला आलेल्या माझ्याकडे बघितलं. मुलाचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं तिला विचारायचं असावं.

पण ती रोज बसायला लागली. ती पेटीत भाकरीचे तुकडे टाकायची आणि पाणी दुधासारखं व्हायचं. काचेला बोट लावलं म्हणून शेजाऱ्यांनी आमच्या मुलांना किती वेळा हाकललं असेल, पण आईला ते चकार शब्द बोलले नाहीत. कचेरीतून आले की बाही वर करून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालायचे, तुकडे वेचायचे, उपटलेलं गवत पुन्हा रोवायचे. पाऊणएक महिन्याने लुगडी गॅलरीत वाळत पडलेली दिसली. त्या दिवशी बढती मिळाल्यासारखे ते आमच्याकडे आले. "रुजली," म्हणाले. मला वाटलं, गवताबद्दल बोलतायत.

एका संध्याकाळी मी सहज म्हटलं, "मावशी, मासे आवडले म्हणायचे."

"मासं काय बगाचं मेलं," ती हळूच म्हणाली. "जनमभर मासंच बगलं." आणि तिने हनुवटीने मुलाकडे खूण केली. तो पेटीत वाकला होता. "याचा बापूस असाच पान्यान हात घालून उबा ऱ्हायाचा. यो शालेन गेला, मंग हापिसान गेला. पान्यान कदी दिसलाच नाय मना." मग म्हणाली, "त्याला नको सांगू. त्याला वाटते, मी मासं बगते."

मी नाही सांगितलं. ती तिथेच राहिली, शेवटपर्यंत, आणि पुन्हा कधी कोळीवाड्याचं नाव काढलं नाही. ती गेल्यावर काही दिवसांनी शेजाऱ्यांनी मासे दुकानदाराला परत केले आणि पेटी कोणाला तरी देऊन टाकली. "आता बघणारं कोण आहे?" ते म्हणाले. तेव्हा मात्र मला राहवलं नाही, आणि म्हातारीचं बोलणं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं.

ते माझ्याकडे वळले. "म्हणजे मासे नसते तरी चाललं असतं?"

"चाललं असतं," मी म्हटलं. "पण पाणी लागलं असतं."

ते उठले. पेटी होती तिथे, भिंतीकडे तोंड करून नुसते उभे राहिले. मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर हेवा वाटला. माझ्याकडे असं कोणी रोज बघत बसलेलं मला आठवत नाही.