आगळ म्हणून पाठवलेलं खोकं

त्या खोक्यात आगळ नव्हतं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. उरलेलं तिनं कधी विचारलं नाही. विचारलं तर मी सांगेन, अशी तिला भीती वाटत असावी.

ओमानमध्ये, सोहारला आमच्या प्लान्टमधल्या काही इंजिनियरांना घरी बीअर करायचा नाद होता. काही गोरे, काही आपले. पिण्यापुरती विकत आणायला परमिट होतं, घरात करायला कुणालाच परवानगी नव्हती. त्यामुळे सगळं पडदे ओढून. मॉल्ट सुटीवरून येणाऱ्यांच्या बॅगांतून यायचं, यीस्टची पाकिटं मोज्यांत दडवून. वर्षातून एकदा स्पर्धा व्हायची. तिला आम्ही मोठ्या थाटात चॅम्पियनशिप म्हणायचो. सोहारच्या फेरीतून दोन बीअर निवडायच्या, त्या अंतिम फेरीला राजधानीजवळच्या सीबला, कुणाच्या तरी व्हिलावर. मी दरवर्षी सोहारलाच गारद व्हायचो, आणि ते मला नको तितकं लागायचं.

ज्याच्याविषयी हे लिहितोय, तो एका ओमानी व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता. आम्ही दोघे रत्नागिरीकडचे. खाडीच्या अलीकडे माझं गाव, पलीकडे त्याचं. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला दादा. पाच वेळची नमाज न चुकवणारा माणूस. कुणी पिऊन आला तर उठून दुसरीकडे बसायचा. सुटीवरून येताना त्याच्या आईच्या हातचं आगळ माझ्यासाठी आणायचा. मीठ घालून टिकवलेला कोकमाचा तो दाट रस.

"अम्मानं दिलाय. कढी करा, पण वरून मीठ घालू नका ओ. तिनं घातलाय बरोबर."

त्या वर्षी ते आगळ मी बीअरमध्ये घातलं. गुलाबी, आंबट, किंचित खारट अशी काहीतरी झाली. सोहारच्या फेरीत एका म्हाताऱ्या परीक्षकानं घोट घेतला, ओठ चाटले आणि विचारलं, "मीठ इतकं नेमकं कुणी ठरवलं?"

मी म्हणालो, "मीच."

निवड झाली.

अंतिम फेरीच्या बाटल्यांत मी साखर जरा जास्त टाकली. फेस चांगला चढावा म्हणून. बूच लावल्यावरही आतलं यीस्ट ती साखर खात राहतं आणि वायू कोंडत जातो, हे मला माहीत होतं. एका दुपारी स्वयंपाकघराच्या कपाटात धाडकन आवाज झाला. दाराखालून गुलाबी ओघळ आला.

"अहो, हे पेय आहे की सुतळी बॉम्ब?" बायको म्हणाली.

मी हसलो. काचा गोळा केल्या. उरलेल्या बाटल्यांची बुचं किंचित फुगलेली दिसली. ती मी पाहिली, आणि खोकं बांधलं.

बाटल्या आदल्या दिवशी सीबला पोचायला हव्या होत्या आणि माझी शिफ्ट होती. भाई दर आठवड्याला अर्बाबाचा, म्हणजे मालकाचा, पिकअप घेऊन सीबला त्याच्या घरी जायचा. इथे आपल्या माणसाचं पार्सल कुणी 'आत काय आहे' असं विचारून घेत नाही. विचारणं म्हणजे संशय घेणं. पापड असोत, औषधं असोत, उचलायचं आणि पोचवायचं. मी त्या रिवाजाच्या आडोशाला उभा राहिलो. त्यानं विचारलं नव्हतं, तरी आपणहून सांगितलं, "तुझ्या अम्माचं आगळ आहे. एका मित्राला चाखायला देतोय. एसीत ठेव."

म्हणून त्यानं ते मागे न टाकता केबिनमध्ये, सीटमागे ठेवलं. पण आदल्या दिवशी अर्बाबानं त्याला कामाला जुंपलं आणि खोकं गाडीतच राहिलं. रात्र गेली, मग जूनच्या उन्हातली सकाळ.

शुक्रवारी दुपारी मी व्हिलावर पोचलो. बाटल्या आल्या नव्हत्या. त्याचा फोन लागेना. आत थंड खोलीत लोक हसत होते आणि मी फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होतो. खरं सांगायचं तर तेव्हा मला काळजी बाटल्यांची होती.

तो आला. शर्टावर लाल शिंतोडे.

"दादा, एक फुटली ओ."

"कुठे?"

"गाडीत. जुम्म्याला निघालेलो. अर्बाब बाजूला, धुतलेला पांढरा पायघोळ दिशदाशा, त्याच्यावर सगळा लाल. वास पण आला. मी सांगितला, आगळ हाय, उन्हानं आंबला. अल्लाची शपथ घेतली. तो तसाच उतरला, घरात गेला. मशिदीत गेलाच नाय." मग खोकं पुढे केलं. "बाकीच्या सांभाळून आणल्यात. ओल्या टॉवेलात."

मी खोकं घेतलं.

"तुम्ही एक शब्द सांगा त्याला. इंजिनियर माणूस, तुमचं ऐकेल. इथनं जवळच हाय घर."

"सांगतो. संध्याकाळी जातो. इन्शाल्ला."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. तो शब्द त्याच्यासाठी खरा होता.

माझ्या बीअरला दुसरा नंबर मिळाला. मिठाचं पुन्हा कौतुक झालं. निघताना अर्बाबाच्या घराकडचं वळण आलं आणि मी सरळ हायवेला लागलो. खरं बोललो तर नोकरी जाणार, मुलगी दहावीत, हे सगळं मनात मांडून झालं होतं. पण खोटं तरी? 'हो, आगळच होतं' एवढं खोटं बोलायलासुद्धा मी गेलो नाही. त्या घरात, त्या वासासमोर उभं राहायची माझी छाती नव्हती.

अर्बाबानं पोलिसांत दिलं नाही. 'खलास' म्हणाला आणि व्हिसा कॅन्सल केला. भाईनं एअरपोर्टवरून फोन केला. "दादा, तुमचा आगळ मात्र फुकट गेला," असं म्हणाला. मला.

गावात बातमी त्याच्याआधी पोचली होती: दारू वाहताना सापडला. पुढे एकदा त्याचा फोन आला.

"अम्मा रडते ओ. म्हणते, माझ्याच हातनं मीठ कमी पडला, म्हणून आंबला, म्हणून तुझी नोकरी गेली. आता कुणाला आगळ देत नाय ती. करतच नाय."

"असं काही नसतं रे," मी म्हणालो. मग म्हणालो, आवाज नीट येत नाही.

गावी जातो तेव्हा खाडीच्या अलीकडूनच परततो. पलीकडची घरं दिसतात. होडी असते.

त्या बाईंपुढे, त्यांच्या मुलाच्या देखत, मला सांगायचं आहे की मीठ बरोबर होतं आणि बाटली माझी होती. आणि अर्बाबाला सांगायचं आहे की भाईनं घेतलेली शपथ मी खोटी पाडली, त्यानं नव्हे. एवढं देणं आहे. अजून दिलेलं नाही.