श्यामलाची लिव्हरवरची असाइनमेंट

श्यामला आमच्या समोरच्या घरात राहते. इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये समोरचं घर म्हणजे काही शेजार नव्हे. मध्ये दोन गाड्या, झुडपांचं एक कुंपण, म्हणजे हेज, आणि कौन्सिलचे रंगीबेरंगी कचऱ्याचे डबे. तरी तिच्या फोडणीचा वास माझ्याकडे येतो आणि माझा आवाज तिच्याकडे जातो, असं तिचा नवरा पुरुषोत्तम म्हणायचा. माझा आवाज मोठा आहे हे मला मान्य आहे. तोंड मिटून बसणाऱ्यांचं काय होतं, ते मी समोरच्या घरात बघितलंय.

ती मूळची नागपूरची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं, परीक्षा राहिली, आणि ‘तिकडे जाऊन पूर्ण कर’ असं सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांचं काय जातं! इथे आल्यावर आधी व्हिसा, मग ईशानीचा जन्म, मग ईशानीची शाळा. लेक लीड्सला युनिव्हर्सिटीत गेली तेव्हा श्यामला पंचेचाळिशीला टेकली होती आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या घ्यायच्या खिडकीत कामाला होती. नळी आली की नाव ताडून बघायचं, बारकोड चिकटवायचा आणि काचेपलीकडे द्यायची. पलीकडे पांढरे कोट घातलेली माणसं त्या रक्ताची तपासणी करायची. “रेखा, मला त्या काचेच्या पलीकडे जायचंय गं,” असं ती एकदा मला म्हणाली. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली मी ऐकलेली ही एकच गोष्ट.

पुरुषोत्तम आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. त्याला तर कामच मिळालं. त्याने स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून बायकोच्या शिक्षणाचा प्रोजेक्ट मांडला. पोह्यांच्या कपाटावर जीसीएसईचं, म्हणजे इथल्या दहावीचं, गणित, कारण नागपूरच्या मार्कशीटला इथे कोणी विचारत नव्हतं. डाळींच्या कपाटावर कॉलेजचा ॲक्सेस कोर्स. मोठेपणी पुन्हा शिकायला निघालेल्यांसाठी वर्षभराचा असतो तो. त्यात मार्क चांगले पडले की युनिव्हर्सिटीचं दार उघडतं. आणि सगळ्यात वर, चांगल्या कपबश्यांच्या कपाटावर, बायोमेडिकल सायन्सची डिग्री. त्यांच्याकडे चहा करायला गेलं की साखर शोधता शोधता श्यामलाचं भवितव्य वाचायला मिळायचं.

श्यामलाला गाडी येत नाही, म्हणून कॉलेजला तोच सोडायचा. आणि ती जे काही इंग्लिशमध्ये लिही, ते पाठवण्याआधी तोच वाचायचा. ही त्यांच्या घरची पद्धतच होती. ती ट्यूटरला ‘रिस्पेक्टेड मॅडम’ लिहायची, तो खोडून ‘हाय हेलन’ करायचा. “अहो, बाईंना हाय कसं म्हणू?” “अगं, बाईंनीच सांगितलंय ना हेलन म्हण म्हणून!” ती ‘काइंडली’ घालायची, तो काढायचा, ती परत घालायची. रोज रात्रीच्या जेवणानंतर लॅपटॉप टेबलावर यायचा आणि दोघं डोक्याला डोकं लावून बसायची. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू? माझ्या नवऱ्याने माझा व्हॉट्सॲपही कधी पुरता वाचलेला नाही.

गणित झालं. ॲक्सेस सुरू झाला. असाइनमेंटमागून असाइनमेंट, आणि प्रत्येकीला डिस्टिंक्शन. नाताळाच्या आधी युनिव्हर्सिटीची ऑफर आली. अट एवढीच, की बायॉलॉजी आणि केमिस्ट्रीच्या सगळ्या युनिट्सना डिस्टिंक्शन हवं. श्यामलाने मला वाटीभर शिरा आणून दिला, कशाबद्दल ते सांगितलं नाही. “ॲडमिशन पक्की होऊ दे, मग सांगते,” म्हणाली. सांगितलं मला पुरुषोत्तमने, हेजवरून, अगदी मोठ्याने.

जानेवारीत त्याचं जेवण कमी झालं. मग डोळे पिवळे दिसायला लागले. एके दिवशी श्यामलाच्या खिडकीत एक नळी आली, तिच्यावर त्याचं नाव. नियमाप्रमाणे तिने नाव ताडलं, जन्मतारीख ताडली, बारकोड चिकटवला आणि नळी काचेपलीकडे दिली. मला तिने हे सांगितलं तेव्हा ती पालेभाजी निवडत होती आणि एकही काडी चुकीच्या बाजूला पडली नाही.

कॅन्सर होता, आणि लिव्हरमध्ये पसरलेला. इथले डॉक्टर आपल्यासारखं नातेवाइकांना बाजूला बोलावून कुजबुजत नाहीत. दोघांना समोर बसवून, पाण्याचे ग्लास देऊन, स्पष्ट इंग्लिशमध्ये सांगितलं, की फार महिने नाहीत. दोघांनी ऐकलं. थँक्यू म्हटलं. येताना पुरुषोत्तमने दुकानाशी गाडी थांबवून कोथिंबीर घेतली. घरी आल्यावर तो म्हणाला, “ट्रीटमेंट सुरू होईल, उन्हाळ्यापर्यंत मी ठणठणीत.” ती म्हणाली, “हो तर.” त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही. तिकडे आपण पेशंटपासून लपवतो. इथे लपवायची सोयच राहिली नव्हती, तर या दोघांनी ऐकलेलं न ऐकल्यासारखं केलं. मला राग यायचा. पण संध्याकाळी त्यांच्या खिडकीत लॅपटॉपचा उजेड दिसला की बरंही वाटायचं.

आणि नेमकी तेव्हा बायॉलॉजीची शेवटची असाइनमेंट आली. विषय लिव्हर. लिव्हरचं काम काय, ते बंद पडायला लागलं की शरीरात कशाच्या मागून काय बिघडतं, ते क्रमाने लिहायचं होतं. श्यामलाला त्यातलं सगळं येत होतं. पुस्तकात वाचलेलं पलंगावर दिसत होतं. पुरुषोत्तम रोज विचारायचा, “लिव्हरचं झालं का? दाखव.” आणि ती म्हणायची, “व्हायचंय अजून.”

“अगं, मग मुदत मागून घे,” मी तिला म्हटलं. “एक्स्टेन्शन देतात गं इथे. घरात आजारपण आहे म्हणून कळव.”

“बघते,” म्हणाली. श्यामलाचं ‘बघते’ म्हणजे नाही, हे कळायला मला एवढी वर्षं पुरली नाहीत.

तारीख उलटली. एप्रिलमध्ये पुरुषोत्तमला हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांत पेशंटला ठेवतात तिथे, हलवलं. तिथे तो बहुतेक वेळ झोपलेलाच असायचा. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर श्यामला त्याच्या पायाशी बसून भराभर टाइप करत होती. आधी कधी तिला इतकं भराभर लिहिताना पाहिलं नव्हतं. शेवटचा परिच्छेद झाला, तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि असाइनमेंट सबमिट केली. त्याने न वाचलेली ती पहिलीच. त्याच आठवड्यात तो गेला.

ईशानी आली, दिवसकार्य झालं, माणसं आली आणि गेली. श्यामलाने उरलेली परीक्षाही दिली. कपाटांवरच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. मी एकदा त्यांना हात लावायला गेले तर म्हणाली, “राहू दे. अजून वरचं व्हायचंय.” मला केवढं हायसं वाटलं.

जुलैत हेलनचा फोन आला. मी तिथेच होते. स्पीकरवर हेलन आधी बराच वेळ हळहळत होती. मग म्हणाली, असाइनमेंट फार सुंदर लिहिली होती, पण परवानगी न घेता उशिरा दिली, आणि उशिरा आलेल्या कामाला नुसता पास, त्याहून वर काही देता येत नाही. बोर्डापुढे तिने शब्द टाकून पाहिला. तारखेच्या आधी मागितलं असतं तर लगेच दिलं असतं, आता नियमात बसत नाही. युनिव्हर्सिटीची अट मोडली होती, जागा गेली होती. “श्यामला, नुसती एक ओळ लिहायचीस,” हेलन म्हणाली. बाई रडत होती. श्यामला तिची समजूत काढत होती.

फोन ठेवल्यावर ईशानी उसळली. “मम, तू त्यांना का नाही सांगितला? इट्स वन ईमेल! एव्हरीवन डज इट!”

मीही सुटले. “तुम्हा लोकांना दुःखाचं भांडवल करायचं नाही, हात पसरायचा नाही, कळलं. पण हे काय हात पसरणं होतं? बँकेला कळवलंस, कौन्सिलला कळवलंस, गॅसवाल्यांनासुद्धा कळवलंस! आणि कॉलेजला एक ओळ—”

“ते सगळं नंतरचं गं, रेखा,” श्यामला म्हणाली. “ती ओळ आधी लिहायची होती.”

“मग?”

“मग ह्यांनी वाचली असती ना.”

श्यामलाने फोन उचलून चार्जरला लावला.

“काय लिहिणार होते मी? माझा नवरा जाणार आहे, म्हणून मला दोन आठवडे द्या? आणि ते ह्यांना दाखवू, इंग्लिश बरोबर आहे का बघा म्हणून? आणि ती असाइनमेंट. त्यात पुढे पुढे काय होतं ते सगळं होतं. ती कशी दाखवणार होते?”

“न दाखवता पाठवायचास मेल,” मी म्हटलं, पण माझा आवाज एव्हाना बसला होता.

“एकही मेल कधी न दाखवता पाठवला नाही. एवढाच लपवला असता, तर का लपवला ते त्यांना कळलंच असतं.” तिने ओटा पुसायला घेतला. “ते रोज म्हणायचे, उन्हाळ्यात मी ठणठणीत. मी एक ओळ लिहिली असती तर त्यांना तेवढंही म्हणता आलं नसतं.”

मला तिचा राग आला, त्याचा आला, आणि त्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा सगळ्यात जास्त आला. मी घरी येऊन पोटभर रडले. आजही मला वाटतं, तिने ती ओळ लिहायला हवी होती. आणि लिहिली असती तर ती श्यामला नसती, हेही मला कळतं.

मागच्या आठवड्यात तिने मला बोलावलं. हेलनने सुचवलं होतं, पुढच्या वर्षी दुसरीकडे अर्ज करायचा तर शिफारसपत्रात सगळं लिहिता येईल, पण काय घडलं ते श्यामलाने स्वतःच्या शब्दांत मेल करून कळवायला हवं. अर्ज करणार का, विचारलं, तर “बघते,” म्हणाली. दुसरी युनिव्हर्सिटी लांब आहे, आणि तिला सोडायला आता कोणी नाही. मी सोडीन म्हटलं, तर नुसती हसली.

तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मेलची सुरुवात ‘हाय हेलन’ होती. खाली एकच ओळ. माय हजबंड वॉज डाइंग.

ती शेजारी खुर्ची ओढून बसली, डोकं माझ्या डोक्याजवळ आणत. “इंग्लिश बरोबर आहे का बघ ना,” म्हणाली.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

तरी तिने पाठवला नाही. बराच वेळ तशीच बसून राहिली, अजून कोणी वाचायचं राहिलं असल्यासारखी.