डिकीचं कुलूप

गाडीपाशी मी, माजा बाळू, सून सुमन आन जुन्नरचा कुलपं दुरुस्त करणारा, येवढीच मानसं व्हती. त्याचं नाव मी कदी इचारलंच न्हाई. ममईच्या सायबाची जुनी, दोनच शिटांची रेसची गाडी आमच्या छपरात सांबाळायला व्हती. घरात उंदीर लई, म्हणून आमच्या मालकांनी जमिनीचं कागद तिच्या डिकीत ठिवलं, आन चावी कुठंय ते न सांगताच वारलं. सोमवारी तहसिलात तारीख व्हती.

ह्यो बाबा कुलपात रॉकेल सोडायचा आन कान लावून बसायचा. कवा उघडंल म्हणलं, तर "ते सांगंल तवा."

बाळूनं पहार आणली, तसा कुलूपवाला डिकीवरच चढून बसला.

"कुलूप मूळचं हाय, मावशी. फोडल्यावर असलं मिळायचं न्हाई."

"आन जमीन मिळंल व्हय रं?"

डिकीची चावी दाराला बी चालती म्हणून त्यो दाराकडं वळला. मग दाराचं कुलूप खोललं, तर म्हणतो, "हे मागनं बसिवलंय, नंबर येगळा." त्यात आख्खा दिस गेला. शेवटाला डॅशबोर्डच्या कप्प्याच्या कुलपावर डिकीचाच नंबर घावला. ते खोलून त्याच्या मापानं त्यानं चावी घासली.

सोमवारी सकाळी डिकी उघाडली. कागद घिऊन आमी येस्टीमागं पळालो, आन ह्यो तितंच कुलूप लावून-उघडून हसत बसला. तारखेला कसंबसं पोचलो.

बायांनो, चावी कुठं ठिवलीया ते मालकांना आजच इचारून घ्या.